जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

ज्यांच्या घरीं अजून एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे, त्यांच्या ओळखीचा एक प्रसंग असतो. सकाळीं किल्ली फिरवावी, स्टार्टरनें घरघर करावी, आणि एंजिनानें मात्र जागें होऊं नये. मग शेजारीं जमतात. एक म्हणतो, "प्लग गेले." दुसरा म्हणतो, "कॉइल बदला." तिसरा म्हणतो, "कार्ब्युरेटरांत कचरा आला असेल." हे सारे सल्ले फुकट मिळतात, पण ते अमलांत आणण्याचा खर्च फुकट नसतो. शिवाय सल्ल्याप्रमाणें सगळे भाग बदलूनहि गाडी पुष्कळदां तशीच उभी राहते. असें कां होतें, आणि होऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार करतांना मोटारीच्या डिस्ट्रिब्यूटर नांवाच्या अवयवापासून आरंभ करणें सोयीचें आहे.

पद्मिनीचें घराणें मुंबईकरांना परकें नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. इटलींतील फियाट कंपनीची ११०० ही गाडी पुढें या कारखान्यांत तयार होऊं लागली. तिलाच १९७४ पासून पद्मिनी हें नांव मिळालें, आणि २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे कित्येक वर्षें हीच गाडी. तेथील नियमाप्रमाणें टॅक्सीला वीस वर्षांचें आयुष्य. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती, तेव्हां २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीहि रस्त्यावरून निघाली. टॅक्सी गेल्या, तसे त्यांच्या जिवावर नाक्यानाक्यावर बसणारे मिस्त्रीहि पांगले. आतां ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या बहुतेक घरगुती आहेत. पूर्वी जें ज्ञान नाक्यावर हाक मारली कीं मिळत असे, तें आतां मालकानें थोडेंफार तरी स्वतःच्या पदरीं बाळगावें लागतें.

दृष्टान्तादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. वडिलांच्या मागें त्यांची पद्मिनी मुलाकडे आली आहे. आई वृद्ध आहे. तिला दर उन्हाळ्यांत पुण्याला मुलीकडे जावयाचें असतें, आणि ज्या गाडींत ती चाळीस वर्षें बसली त्याच गाडींतून जावें असा तिचा हट्ट असतो. मुंबईहून निघून खोपोलीपर्यंत गाडी सुरळीत चालते. तेथून जुन्या रस्त्यानें बोरघाटाची चढण लागली, कीं मध्येंच एंजिन दोन-चार आचके देतें आणि बंद पडतें. मागें गाड्यांची रांग लागते, कर्णे वाजूं लागतात. आई मागच्या आसनावरून सांगते, "अरे, आधीं चाकाला दगड लाव, मग बॉनेट उघड." मुलगा तसें करतो. येणारा-जाणारा कोणीतरी म्हणतो, "पेट्रोलची वाफ झाली आहे, पंपावर ओलें फडकें टाका." फडकें टाकलें जातें. अर्ध्या तासानें किल्ली फिरवतांच गाडी चालूं होते. सर्वांची खात्री पटते कीं, फडक्यानें काम केलें.

मुंबईस परतल्यावर पेट्रोलचा पंप नवा बसतो. पुढच्या खेपेस घाटांत गाडी पुन्हा थांबते. मग कार्ब्युरेटर साफ होतो, प्लग नवे येतात, अखेर कॉइलहि नवी येते. जुनी कॉइल भंगारवाला घेऊन जातो. तरी घाटांतलें दुखणें घाटांत कायमच. शेवटीं मुलगा आईला सांगतो, "आई, आतां ही गाडी काढून टाकूं." आई कांहीं बोलत नाहीं. गाडी विकण्यापूर्वी एकदां दाखवावी म्हणून एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावणें जातें. त्यानें आपली सारी उमर टॅक्सींच्या बॉनेटखालीं घालविलेली.

"मिस्त्री, पंप नवा, प्लग नवे, कॉइल नवी. आतां आणखी काय बदलूं ?"

"साहेब, बदलायचं नंतर बघूं. घाटांत गाडी बंद पडली, तेव्हां ठिणगी होती कां ?"

साहेबांना उत्तर देतां येत नाहीं. कारण तें कोणीं पाहिलेंच नव्हतें. चार भाग बदलले गेले, पण एकाहि भागाची चौकशी झाली नव्हती. ओल्या फडक्याला श्रेय मिळालें, पण तेवढ्या अर्ध्या तासांत पंपाप्रमाणें बॉनेटखालची प्रत्येक वस्तु निवली होती, हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. मिस्त्रीचा प्रश्न इतका साधा, आणि तरी नेमका, कां होता, हें समजण्यास ठिणगी कोठून येते व कोणत्या वाटेनें जाते हें पाहिलें पाहिजे.

पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरांत दाबलें जातें व नेमक्या क्षणीं विजेच्या ठिणगीनें पेटविलें जातें. ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडावयाची असते. आणि दाबलेल्या मिश्रणांतून ही उडी मारण्यास हजारों व्होल्टचा दाब लागतो. बॅटरी तर बारा व्होल्टची. ही अडचण अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें ज्या रीतीनें सोडविली, ती १९१० सालच्या कॅडिलॅक गाडींत प्रथम बसविण्यांत आली. पुढें इलेक्ट्रॉनिक योजना रूढ होईपर्यंत, म्हणजे साठांहून अधिक वर्षें, जगांतील बहुतेक पेट्रोलच्या मोटारी त्याच रीतीनें चालल्या. पद्मिनीहि त्यांतलीच.

ती रीत अशी. कॉइलमध्यें लोखंडी गाभ्याभोंवतीं तारेचीं दोन वेटोळीं असतात : एक जाड तारेचें व थोड्या फेऱ्यांचें, दुसरें केसासारख्या बारीक तारेचें व सुमारें शंभरपट फेऱ्यांचें. बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यांतून वाहूं लागला कीं गाभ्यांत चुंबकत्व सांठतें. हा प्रवाह एकाएकीं तोडला, तर सांठलेलें चुंबकत्व क्षणार्धांत कोसळतें व त्या धक्क्यानें बारीक वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. नळाचें पाणी जोरांत वाहत असतां तोटी झटकन बंद करावी, म्हणजे साऱ्या नळींत जसा धक्का बसतो, तसाच हा प्रकार आहे. तोटी हळूहळू बंद केली तर धक्का बसत नाहीं. प्रवाह रेंगाळत तुटला तर ठिणगीहि पडत नाहीं. सगळें रहस्य या "झटकन" शब्दांत आहे.

प्रवाह तोडण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट करतात. ही टंगस्टन धातूच्या दोन लहान टिकल्यांची जोडी. डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागीं एक दांडा एंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. त्याला चार उंचवटे असतात. पॉइंटाच्या हलत्या पट्टीची टाच या उंचवट्यांवरून घसरत जाते, आणि प्रत्येक उंचवट्यागणिक पॉइंट एकदां उघडतात. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दांडा १५०० घेतो. म्हणजे पॉइंट मिनिटाला ६००० वेळां, सेकंदाला शंभर वेळां, उघडतात व मिटतात. इतक्या घाईंत उघडतांना टिकल्यांमध्येंच ठिणग्या पडून प्रवाह रेंगाळूं नये, म्हणून शेजारीं बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडतांच उसळणारी वीज तो क्षणभर पोटांत घेतो, आणि प्रवाह खरोखर झटकन तुटतो. कंडेन्सर कामांतून गेला कीं टिकल्या जळतात व मुख्य ठिणगी मरगळते.

उत्पन्न झालेली ठिणगी वांटण्याचें काम त्याच दांड्याच्या माथ्यावरील रोटर करतो. पंगतींत वाढपी फिरावा तसा तो फिरतो. वरच्या टोपीच्या मध्यावरील जाड वायरीनें कॉइलमधून वीज येते, ती कार्बनच्या लहानशा कांडीवाटे रोटरला मिळते, आणि रोटर ती टोपीच्या कडेवरील चार टोकांना आळीपाळीनें वाढतो. तेथून चार वायरी चार प्लगांना जातात. या एंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. तेव्हां वायरीहि त्याच क्रमानें लावाव्या लागतात. दोन वायरींची अदलाबदल झाली तर एकाचें पान दुसऱ्यापुढें जातें, आणि एंजिन धक्के देतें, कार्ब्युरेटरांतून फटकारे मारतें किंवा चालूंच होत नाहीं.

इतकें समजलें म्हणजे परीक्षेचा क्रम आपोआप ठरतो. ठिणगी ज्या वाटेनें जाते त्या वाटेवर एकेका नाक्यावर उभें राहून विचारावें : येथपर्यंत आली कां ? जेथें उत्तर "नाहीं" येईल, त्याच्या अलीकडे दोष आहे. यासाठीं हत्यारें थोडीं लागतात : दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा लहान दिवा, फीलर गेज, एक पेंचकस, पक्कड आणि कोरडें फडकें. त्यापूर्वीं सावधगिरीच्या चार गोष्टी. गाडी सपाट जागीं, न्यूट्रलमध्यें व हँडब्रेक ओढून उभी करावी. पंख्याजवळ पदर, उपरणें किंवा सैल बाही जाऊं देऊं नये. पेट्रोल गळत असेल तर तें थांबवून, वाफ निघून गेल्याशिवाय ठिणगी पाडूं नये. आणि एंजिन बंद असतां किल्ली उगीच चालू ठेवूं नये. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून बिघडते.

पहिली परीक्षा डोळ्यांची. पावसाळ्यांत निम्मे दोष एवढ्यानेंच सांपडतात. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढावी व आंत-बाहेर कोरड्या फडक्यानें पुसावी. साचलेल्या पाण्यांतून गाडी नेली, किंवा रात्रभर पाऊस झाला, कीं टोपीवर दंव धरतें आणि ठिणगी प्लगाकडे जाण्याऐवजीं ओल्या वाटेनें एंजिनाच्या धातूंत उतरते. टोपीच्या आंत पेन्सिलीनें ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती विजेनें जाळून काढलेली चोरवाट समजावी. अशी टोपी खरवडून दोन दिवस चालते, पण बदलणें हाच तिचा उपाय. मधली कार्बनची कांडी बोटानें दाबून पाहावी; ती स्प्रिंगवर वर-खालीं झाली पाहिजे. रात्रीं दिवे मालवून चालत्या एंजिनाकडे लांबून पाहिलें, तर फुटक्या वायरींवर व टोपीवर निळसर ठिणग्या खेळतांना दिसतात. ही परीक्षा फुकट असून फार बोलकी आहे.

दुसरी परीक्षा दिव्याची. टोपीच्या मध्यांतली जाड वायर उपटून तिचें टोक एंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून ठेवावें, म्हणजे एंजिन अवचित चालूं होणार नाहीं. दिव्याची एक वायर गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला, लावावी; दुसरी कॉइलच्या, किल्लीकडून वीज येणाऱ्या टोकाला. किल्ली चालू करतांच दिवा लागला, तर वीज कॉइलपर्यंत आली. न लागला तर दोष किल्ली, बॅटरी किंवा मधली वायर यांत आहे, आणि डिस्ट्रिब्यूटर निरपराध आहे. मग तीच वायर कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला लावावी व कोणाकडून तरी स्टार्टर थोडा फिरवून घ्यावा. दिवा लुकलुकला, म्हणजे पॉइंट उघडमीट करीत आहेत. सतत जळत राहिला, तर पॉइंट मिटतच नाहींत, किंवा मिटूनहि त्यांच्यांतून वीज जात नाहीं : टिकल्यांवर मळ किंवा तेल आलें असेल, आंतली बारीक वायर तुटली असेल, किंवा पॉइंटांची तबकडी अर्थला नीट जोडलेली नसेल.

दिवा मुळींच लागला नाहीं, तर दोन शक्यता राहतात. त्यांचा निवाडा करण्यासाठीं डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी बारीक वायर कॉइलपासून सोडवावी. तरीहि दिवा अंधारा राहिला, तर कॉइलचें जाड वेटोळें तुटलें आहे. वायर सोडवितांच दिवा लागला, तर कॉइल ठीक असून वीज डिस्ट्रिब्यूटरच्या आंत कोठें तरी अर्थ होत आहे. मग ती वायर पुन्हा जोडावी, पॉइंट उघडे राहतील असें एंजिन थांबवावें, व कंडेन्सरची वायर तेवढी सोडवून पाहावी. आतां दिवा लागला तर कंडेन्सर आंतून चिकटला आहे. न लागला तर पॉइंटाखालचे किंवा वायरीखालचे इन्सुलेशनचे वायसर तपासावे. एवढीशी ही युक्ति, पण तिनें कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांना निरनिराळें उभें करून प्रत्येकाचा जबाब घेतां येतो.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष ठिणगीची. तीच मधली जाड वायर इन्सुलेशनच्या पकडीनें धरून तिचें टोक एंजिनाच्या स्वच्छ धातूपासून पांच-सहा मिलिमीटरवर ठेवावें व स्टार्टर फिरवावा. निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली, तर कॉइलपर्यंतचें सारें घर व्यवस्थित आहे. दोष रोटर, टोपी, वायरी किंवा प्लग यांत शोधावा. ठिणगी पिवळसर व मलूल असेल, तर कॉइल, कंडेन्सर व पॉइंट या तिघांपैकीं कोणीतरी अपराधी. ओहम-मीटर असेल तर बारा व्होल्टच्या साध्या कॉइलचें जाड वेटोळें तीन ओहमच्या आसपास दाखवितें, बारीक वेटोळें कित्येक हजार ओहम दाखवितें. मात्र थंड कॉइलनें दिलेला जबाब तापल्यावर बदलूं शकतो, हें विसरूं नये.

चौथी परीक्षा रोटरची. पुष्कळांना ती ठाऊक नसते. रोटर दिसावयास धडधाकट असतो, पण त्याच्या अंगांतून वीज झिरपून खालच्या दांड्यांत उतरत असते. टोपी काढलेली असतांच जाड वायरीचें टोक रोटरच्या पितळी पट्टीच्या अगदीं जवळ धरावें. किल्ली चालू ठेवून मिटलेले पॉइंट लांकडाच्या काडीनें उघडावे. निरोगी रोटरवर ठिणगी उडत नाहीं, कारण तिला पुढें जावयास वाट नसते. उडालीच, आणि दर खेपेस उडाली, तर रोटर फुटका आहे.

आतां म्हाताऱ्या मिस्त्रीकडे परत वळावें. त्यानें ह्या सर्व परीक्षा थंड गाडीवर केल्या. सगळ्यांचे जबाब समाधानकारक आले. दुसरा कोणी असता तर "गाडींत दोष नाहीं" म्हणून निघून गेला असता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार ? हिला आधीं तापूं द्या." बॉनेट मिटून एंजिन गल्लींतच तासभर चालू ठेवलें. अखेर त्यानें घाटांतल्यासारखे दोन आचके दिले व तें थांबलें. त्याच क्षणीं मिस्त्रीनें जाड वायर उपटून ठिणगी पाहिली. ती पिवळी होती, आणि फुलपांखराच्या पंखासारखी थरथरत होती. म्हणजे पेट्रोलचा यांत कांहीं संबंध नव्हता. टोपी काढून पाहतां पॉइंट उघडतांना टिकल्यांमध्यें पांढरा लखलखाट होत होता. पॉइंट सहा महिन्यांपूर्वींच नवे बसविले होते. पण एका टिकलीवर खड्डा व दुसरीवर टेंगूळ आलें होतें. मिस्त्रीनें पत्र्याच्या डबींतून आपला पारखलेला कंडेन्सर काढला, जुन्याची वायर सोडवून तो तात्पुरता जोडला आणि अर्थला टेकविला. तापलेल्या एंजिनावरच पुन्हा पाहिलें : ठिणगी निळी, दणकट. पहिल्या खेपेस एंजिन चालूं झालें.

सारा खेळ एका कंडेन्सरचा होता. थंड असतां तो काम करी, तापला कीं टाकून देई, आणि अर्ध्या तासांत निवला कीं पुन्हा निरागस होई. पॉइंट बदलतांना कोणीं तरी तो तसाच राहूं दिला होता. जी कॉइल भंगारांत गेली, ती वडिलांच्या वेळची, मूळची, आणि बहुधा निर्दोष होती. ती आतां परत येणार नव्हती.

दोष सिद्ध झाल्यावरच बदलण्याचें काम सुरूं होतें, आणि तेंहि शिस्तीनें झालें पाहिजे. प्रथम बॅटरीची वायर सोडवावी. टोपीवरील वायरींवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्या. नवी टोपी बसवावयाची तर जुनी शेजारीं धरून एकेक वायर हलवावी, सर्व एकदम उपटूं नयेत. पॉइंट काढतांना खिळ्याखालचे वायसर ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें कागदावर मांडून ठेवावे. इन्सुलेशनचा एक वायसर चुकीच्या जागीं गेला, कीं पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि कोऱ्या करकरीत सामानावर गाडी मुकी राहते. घरगुती दुरुस्तींतील ही बहुधा सर्वांत मोठी फसगत आहे.

नव्या पॉइंटांवर गंज चढूं नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो पेट्रोलनें पुसून काढावा. एंजिन हळूच फिरवून टाच उंचवट्याच्या माथ्यावर आणावी व तेथें फीलर गेजनें फट मोजावी. ती गाडीच्या पुस्तकांत दिली असेल तीच धरावी. या जातीच्या गाड्यांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असते. जुन्या, खड्डा पडलेल्या पॉइंटांवर गेज खोटें बोलतें. कारण पातें टेंगळावर टेकतें व खरी फट त्याहून मोठी असते. उंचवट्यांवर खास ग्रीसचें बोट फिरवावें, रोटरखालच्या नमद्यावर तेलाचा एक थेंब सोडावा; याहून अधिक उदारपणा केला तर तेल टिकल्यांवर उडून त्या काळवंडतात. दांडा धरून आडवा हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल, तर बुश झिजले आहेत. मग प्रत्येक उंचवट्यावर फट निराळी येते, आणि नव्या पॉइंटांनीं हें दुखणें बरें होत नाहीं.

फट बदलली कीं टायमिंग बदलतें, म्हणून फट आधीं व टायमिंग नंतर. टाच झिजून फट लहान झाली, तर पॉइंट उशिरां उघडतात व ठिणगी मागें पडते. एंजिन तापतें व चढणीवर दम टाकतें. फट फाजील मोठी झाली, तर ठिणगी लौकर पडते व एंजिनांत टकटक होते. पहिला सिलिंडर दाबाच्या फेरींत असतां पुलीवरील खूण पुस्तकांत सांगितल्या जागीं आणावी, रोटर पहिल्या वायरीच्या टोकाकडे आहे हें पाहावें, मघाचा दिवा डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला लावावा, आणि डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा सैल करून त्याचें घर प्रथम दांडा फिरतो त्या दिशेनें दिवा विझेपर्यंत व मग उलट दिशेनें दिवा लागेपर्यंत अगदीं हळू फिरवावें. जेथें दिवा नुकता लागतो, तेथें पॉइंट नुकते उघडतात. तेथेंच पट्टा आवळावा.

कोणी विचारील, कीं एवढी यातायात कशाला ? हल्लीं पॉइंटांच्या जागीं बसणारे इलेक्ट्रॉनिक संच मिळतात. ते अवश्य बसवावे. त्यांत अधर्म नाहीं. परंतु टोपी, रोटर, वायरी व कॉइल त्यांच्याबरोबरहि राहतातच, आणि परीक्षेचा क्रमहि राहतोच. शिवाय जुन्या गाडीच्या भागांची एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या कारखान्यांत ते घडले तेथें ते आतां घडत नाहींत. बाजारांत नवा म्हणून मिळणारा प्रत्येक भाग चांगला असतोच असें नाहीं. नवा कंडेन्सर पहिल्याच दिवशीं सदोष निघाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. म्हणून नवा भाग बसविण्यापूर्वीं तोहि पारखावा, आणि काढलेला भाग निर्दोष ठरला असेल तर त्याला चिठ्ठी बांधून डबींत ठेवावा. घाटांतल्या दुपारीं ती डबी उपयोगीं पडते.

मोटार हें यंत्र आहे. तें लबाडी करीत नाहीं आणि उपकारहि करीत नाहीं. तिला नेमका प्रश्न विचारला तर ती नेमकें उत्तर देते. पण तो प्रश्न दुखणें अंगावर असतांना विचारला पाहिजे, आणि एका वेळीं एकच विचारला पाहिजे. दोन भाग एकदम बदलले आणि गाडी चालूं झाली, तर कोणाच्या पुण्याईनें चालूं झाली हें कधींच कळत नाहीं. पुढच्या खेपेस माणूस पुन्हा अडाणीच राहतो.

त्या कुटुंबांत भंगारवाल्याला निरोप गेला कीं, येऊं नये. पुढच्या उन्हाळ्यांत गाडी बोरघाट चढून गेली. खंडाळ्यास पोंचल्यावर मुलानें सवयीनें बाजूस थांबून बॉनेट उघडलें. आईनें मागून विचारलें, "काय रे, पुन्हा कां ?"

"नाहीं आई. नुसतें पाहतों."

"मग पाहून झालें असेल तर चल," ती म्हणाली, "ताई जेवायची थांबली असेल."